पानातला उजेड आणि कमलाबाई सोहोनी

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते. जुने लोक त्याला चांदा जिल्हा म्हणत. आज मात्र ऊर्जेच्या हिशेबात हे शेजारी दोन टोकांना उभे दिसतात. चंद्रपूरच्या भूगर्भात दगडी कोळसा आहे आणि त्याच्या आधारावर तेथील महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉट क्षमतेने उभे आहे. गडचिरोलीत आलापल्लीचा साग, बांबू, मोह आणि तेंदू यांचे अरण्य आहे. एकीकडे चिमण्या, दुसरीकडे पाने. पण दोन्हीकडची शक्ती मुळात एकच. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी याच गोंडवनाच्या दलदलीत वाढलेल्या वनस्पतींच्या पानांनी जो सूर्यप्रकाश साठवला, तोच आज कोळशाच्या रूपाने भट्टीत जळतो. आलापल्लीच्या सागाचे पान आजही तेच काम करते आहे.

हे काम म्हणजे सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करणे. पाणी हा अतिशय स्थिर पदार्थ आहे. ते उन्हात कितीही तापले तरी त्याची वाफ होते; त्याचा हायड्रोजन आणि प्राणवायू वेगळा होत नाही. ते घडवून आणण्यासाठी उत्प्रेरक लागतो. म्हणजे असा पदार्थ, जो रासायनिक क्रियेची वाट सोपी करतो आणि स्वतः मात्र अखेरीस जसाच्या तसा उरतो. निसर्गाने हा उत्प्रेरक प्रत्येक हिरव्या पानात बसवला आहे. तो माणसाला बनवता आला, तर कोळसा न जाळता हायड्रोजनसारखे इंधन थेट ऊन आणि पाणी यांपासून मिळू शकेल. जगभरातल्या प्रयोगशाळा आज याच प्रश्नाच्या मागे आहेत.

या शोधाचा एक महत्त्वाचा आरंभबिंदू १९३०च्या दशकाच्या अखेरीस केंब्रिजमध्ये सापडतो. तेथे रॉबिन हिल नावाचा जीवरसायनशास्त्रज्ञ पानांतून हरितलवके बाहेर काढून त्यांच्यावर प्रकाश टाकत होता. त्याच सुमारास, त्याच्याच मार्गदर्शनाखाली, मुंबईहून गेलेली एक मराठी तरुणी बटाट्याच्या पेशींत श्वसनाचे रहस्य शोधत होती. तिचे नाव कमला भागवत; पुढे महाराष्ट्राला त्या डॉ. कमला सोहोनी म्हणून परिचित झाल्या.

रसायनशास्त्राचे घर

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजेच आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, आरंभीच्या काळात शिकलेल्या विद्यार्थ्यांत त्यांचा समावेश होता. घरात विद्येचे वातावरण होते आणि मुलींच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. कमलाबाईंची थोरली बहीण म्हणजे विख्यात विदुषी दुर्गाबाई भागवत. दुर्गाबाई लोकसाहित्याकडे आणि समाजशास्त्राकडे वळल्या, कमलाबाई रसायनशास्त्राकडे. दुर्गाबाई गोंडांच्या लोकजीवनाचा अभ्यास करण्यासाठी मध्य प्रांताच्या अरण्यांत हिंडल्या. चांदा जिल्हाही त्या काळी त्याच मध्य प्रांतात मोडत असे. अरण्य आणि आदिवासी हा विषय अशा रीतीने या घरात एका बहिणीच्या अभ्यासात होताच. दुसरीच्या वाट्याला तो पुढे अगदी वेगळ्या वाटेने आला.

मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी कमलाबाईंनी रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन १९३३ मध्ये प्रथम क्रमांकाने मिळवली. वडील आणि काका जेथे शिकले तेथेच संशोधन करायचे, हे त्यांनी आधीच ठरवले होते. गुण पाहता प्रवेशाला काही अडचण येण्याचे कारण नव्हते. अडचण आली ती निराळीच.

बंगळूरचा दरवाजा

संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३०चा नोबेल पुरस्कार मिळवणारे आणि त्या संस्थेचे पहिले भारतीय संचालक. त्यांनी कमलाबाईंचा अर्ज नाकारला. कारण एवढेच, की अर्जदार स्त्री होती. भागवत बंधूंनी विनंती केली, तीही मान्य झाली नाही.

ज्या काळात देशभर सत्याग्रह हा शब्द प्रत्येकाच्या ओठी होता, त्या काळातली ही मुलगी होती. ती स्वतः बंगळूरला गेली आणि नकाराचे सबळ कारण मिळाल्याशिवाय हलणार नाही अशी भूमिका तिने घेतली. रामन यांना अखेर नमते घ्यावे लागले. पण त्यांनी अटी घातल्या. पहिले वर्ष तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, तो परीक्षेचा काळ असेल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागेल. आणि तिच्या उपस्थितीमुळे पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. यातली शेवटची अट कोणत्याही पुरुष विद्यार्थ्याला कधी घातली गेली नव्हती. कमलाबाईंनी अटी स्वीकारल्या, पण तो अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत.

संस्थेत त्यांना श्रीनिवासय्या हे शिस्तप्रिय आणि गुणग्राही मार्गदर्शक लाभले. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर कमलाबाईंनी काम सुरू केले. विषयाची ही निवड महत्त्वाची होती. ज्या देशात मांस-मासे बहुसंख्यांच्या ताटात रोज येत नाहीत, तेथे डाळ हेच प्रथिनांचे मुख्य साधन. त्या डाळीत नेमके काय आहे, हे तोवर फारसे कोणी तपासले नव्हते. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले आणि त्यांना नियमित प्रवेश मिळाला. १९३६ मध्ये त्यांनी विशेष प्राविण्यासह एम.एस्सी. पदवी मिळवली. त्यानंतर संस्थेने आपले दरवाजे स्त्रियांना उघडले. एका विद्यार्थिनीने एक वर्ष सोसलेल्या अटींचे हे फळ होते.

केंब्रिजमधली दोन बाके

१९३७ मध्ये कमलाबाई केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी १९२९चे नोबेल मिळवणारे सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते. आरंभी कमलाबाईंनी डेरेक रिश्टर यांच्याबरोबर काम केले; त्या दोघांचा एक शोधनिबंध १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. रिश्टर तेथून गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. वनस्पतींच्या ऊतींवरचे त्यांचे काम येथे सुरू झाले.

हिल हे वेगळेच गृहस्थ होते. वनस्पतींपासून मिळणारे रंग हा त्यांचा छंद. त्यासाठी ते रंगाच्या वनस्पती स्वतः वाढवत आणि त्या रंगांनी चित्रे काढत. रक्तातील आणि पेशींतील लोहयुक्त रंगद्रव्यांचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. १९३७ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की पानातून बाहेर काढलेली हरितलवकेही प्रकाशात प्राणवायू सोडतात. १९३९ मधल्या सविस्तर निबंधात त्यांनी ही क्रिया अधिक स्पष्ट केली. हरितलवकांना लोहाचा योग्य क्षार दिला, की प्रकाश पडताच ते लोह इलेक्ट्रॉन स्वीकारते आणि प्राणवायू बाहेर पडतो. त्यासाठी कार्बन डायऑक्साइडची गरज लागत नाही. पानात प्राणवायू तयार होणे आणि साखर तयार होणे या दोन निरनिराळ्या पायऱ्या आहेत, हे यातून उघड झाले. विज्ञानात ही क्रिया आज हिल यांच्या नावाने ओळखली जाते. १९४१ मध्ये रुबेन आणि केमन यांनी प्राणवायूचा जड समस्थानिक वापरून दाखवले, की पानातून निघणारा प्राणवायू पाण्यातलाच असतो. प्रकाशाने पाणी फुटते, ही गोष्ट त्यामुळे पक्की झाली.

हे काम हिल यांचे होते, कमलाबाईंचे नव्हे. कमलाबाई दुसऱ्या बाकावर होत्या. त्यांच्यासमोर बटाटा होता आणि प्रश्न होता वनस्पतींच्या श्वसनाचा. प्राण्यांच्या पेशींत सायटोक्रोम नावाची लोहयुक्त प्रथिने इलेक्ट्रॉन एकमेकांकडे सोपवत नेतात आणि अखेरीस ते प्राणवायूला देतात, हे डेव्हिड केलिन यांच्या कामातून पुढे आले होते. वनस्पतींतही हीच साखळी आहे का, याविषयी मात्र वाद होता. बटाट्याची कापलेली फोड काळी पडते, ते ज्या विकरामुळे, त्याच्याकडेच अनेकांचा रोख होता. कमलाबाईंनी वनस्पतींच्या ऊतींत सायटोक्रोम सी असल्याचे दाखवले. वनस्पतीही आपल्यासारख्याच लोहाच्या साखळीने श्वास घेतात, असा याचा अर्थ. सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचा हिल आणि भागवत यांचा संयुक्त निबंध १९३९ मध्ये नेचर या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला.

आता या दोन बाकांवरच्या कामांची सांगड पाहण्यासारखी आहे. पान प्रकाश घेऊन पाण्याचे दोन रेणू फोडते. त्यातून प्राणवायूचा एक रेणू, चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन निघतात. कमलाबाईंनी ज्या विकराचा माग काढला, ते सायटोक्रोम ऑक्सिडेज नेमके उलट काम करते. प्राणवायूचा एक रेणू, चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन घेऊन ते पाण्याचे दोन रेणू बनवते. एक क्रिया पाणी फोडते, दुसरी ते पुन्हा जोडते. सृष्टीतले जवळपास सगळे व्यवहार या दोन क्रियांच्या मधल्या अंतरात चालतात. १९३०च्या दशकाअखेर या दोन्ही टोकांचा शोध एका मार्गदर्शकाच्या हाताखाली सुरू होता आणि त्यातले एक टोक एका मराठी मुलीच्या हाती होते. सायटोक्रोमची वाट हिल यांनी पुढेही सोडली नाही. पानातही अशीच इलेक्ट्रॉनची साखळी आहे आणि ती प्रकाशाच्या दोन टप्प्यांना जोडते, असा आराखडा त्यांनी फे बेंडॉल यांच्यासह १९६० मध्ये मांडला. प्रकाशसंश्लेषणाच्या पाठ्यपुस्तकांचा तो आजही पाया आहे.

कमलाबाईंचा प्रबंध अवघ्या चाळीसेक पानांचा होता आणि चौदा महिन्यांत पूर्ण झाला. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या अगदी पहिल्या मोजक्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. येथेही एक विसंगती नोंदवायला हवी. त्या काळी केंब्रिज स्त्रियांना पदवीचे नाव देई, पण विद्यापीठाच्या सदस्यत्वाचे पूर्ण अधिकार देत नसे. ते अधिकार स्त्रियांना १९४८ मध्ये मिळाले. बंगळूरचा दरवाजा बंद होता. केंब्रिजचा उघडा होता, पण अर्धाच.

वाल, डाळ आणि नीरा

परदेशात राहून मूलभूत संशोधन पुढे नेण्याची संधी असताना कमलाबाई १९३९ मध्येच मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांनी काम केले. पुढे कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांवर संशोधन केले. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागात त्या प्राध्यापक झाल्या.

केंब्रिजमधले प्रकाश आणि सायटोक्रोमचे विषय मुंबईत मागे पडले, याची खंत विज्ञानाच्या इतिहासात कोणी व्यक्त करील. पण कमलाबाईंनी विषय बदलला तो परिस्थिती पाहून. नव्याने स्वतंत्र झालेला देश उपाशी होता. कडधान्यांत पचनाला अडथळा आणणारी प्रथिने असतात, ती नेमकी कोणती आणि शिजवल्यावर त्यांचे काय होते, याचा त्यांनी विद्यार्थ्यांसह कसून अभ्यास केला. वाल आणि डबल बी यांतून हे घटक स्फटिकरूपात वेगळे करण्याचे त्यांच्या प्रयोगशाळेचे काम १९५०च्या दशकात आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. वाल भिजवून, मोड आणून, सोलून आणि नीट शिजवून खाण्याची जी रीत आपल्या स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिच्यामागचे रसायनशास्त्र या कामातून उलगडले.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. ताड, शिंदी अशा झाडांना चीर देऊन मिळणारा ताजा, गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढले की ती आंबू लागते आणि तिची ताडी होते. मुंबई राज्यात १९४९च्या कायद्याने दारूबंदी आली होती. ताडीवर ज्यांचे पोट चालत होते त्यांच्यासाठी नीरा हा पर्याय पुढे येत होता. पण ती केवळ गोड पाणी आहे, की अन्न? कमलाबाईंच्या प्रयोगशाळेने त्यातील जीवनसत्त्वे आणि लोह मोजले आणि नीरा आटवून गूळ केला तरी त्यातले पोषण बऱ्याच अंशी टिकते असे दाखवले. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे निष्कर्ष त्यांनी मांडले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

हा विषय चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अरण्याने श्रीमंत आणि ताटाने गरीब असा हा मुलूख आहे. येथे कुपोषण आणि दारू या दोन्ही प्रश्नांनी अनेक चळवळी उभ्या केल्या. लोकांच्या आंदोलनानंतर गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. झाडाचा रस पहाटे अन्न असतो आणि दुपारी नशा. त्यातले अन्न कसे वाचवायचे, हा प्रश्न कमलाबाईंनी प्रयोगशाळेत सोडवायला घेतला होता. त्या रसातली साखरही पानांनी प्रकाशाच्या बळावर बनवलेली असते, हे हिल यांच्या या विद्यार्थिनीला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

पद, प्रतीक्षा आणि ग्राहक

एवढे काम नावावर असूनही संस्थेच्या संचालकपदासाठी कमलाबाईंना चार वर्षे ताटकळावे लागले. संस्थेतले अंतर्गत राजकारण त्याला कारण होते. अखेर ते पद त्यांच्याकडे आले, तेव्हा एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेच्या प्रमुखपदी एक स्त्री बसली याची परदेशातही दखल घेतली गेली. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दर्जासुधारणेसाठी सल्ला दिला.

निवृत्तीनंतरही त्या थांबल्या नाहीत. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संघटनेत त्या सक्रिय होत्या आणि १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षा होत्या. भेसळ कशी ओळखावी, वस्तू कशी पारखावी, हे त्यांनी संघटनेच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून सामान्य ग्राहकाला समजावून सांगितले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

अपुरे राहिलेले टोक

कमलाबाईंच्या हयातीतच पाणी फोडण्याच्या संशोधनाने मोठी मजल मारली होती. जपानमध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन करून दाखवले. पण तो पदार्थ मुख्यतः अतिनील किरणेच वापरतो आणि उन्हात त्यांचा वाटा अगदी थोडा असतो. पानातला उत्प्रेरक मँगनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक अणू यांचा बनलेला आहे. त्याची अणूगणिक बारीक रचना जपानी संशोधकांनी २०११ मध्ये उलगडली. हा छोटासा पुंजका प्रकाशाच्या चार झटक्यांत एकेक करून चार इलेक्ट्रॉन काढतो आणि मगच प्राणवायू सोडतो. प्रयोगशाळेत हेच काम उत्तम करणारे इरिडियमसारखे धातू दुर्मीळ आणि महाग आहेत. पान मात्र ते मँगनीजवर भागवते. हे मँगनीज विदर्भाला अनोळखी नाही. नागपूर-भंडाऱ्याच्या खाणी त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. सायटोक्रोममधले लोहदेखील गडचिरोलीच्या सुरजागडच्या डोंगरात आहे. निसर्गाने आपला उत्प्रेरक अशा साध्या, मुबलक धातूंतून घडवला. माणसाला अद्याप तितका टिकाऊ आणि स्वस्त उत्प्रेरक साधलेला नाही.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन निर्मितीचे उद्दिष्ट ठेवले. आज तरी हा हायड्रोजन सौर किंवा पवन विजेने पाण्याचे विघटन करूनच मिळवला जातो. वीज मध्ये न आणता पानासारखे थेट उन्हाने पाणी फोडणे अजून प्रयोगशाळेच्या बाहेर मोठ्या प्रमाणावर आलेले नाही. आणि हायड्रोजनपासून पुन्हा वीज मिळवायची तर इंधन विद्युतघटात प्राणवायूपासून पाणी बनवावे लागते. तेथेही चांगला आणि स्वस्त उत्प्रेरक हवाच आहे. म्हणजे हिल यांच्या बाकावरचा प्रश्न आणि कमलाबाईंच्या बाकावरचा प्रश्न, दोन्ही आजही जोडीनेच उभे आहेत.

त्यांचे उत्तर ज्यांच्या आयुष्याला सर्वांत आधी भिडेल, त्यांत चंद्रपूरचा खाणकामगार आणि गडचिरोलीचा तेंदूपत्ता गोळा करणारा मजूर दोघेही असतील. एकाची रोजी कोळशावर आहे, दुसऱ्याची पानावर. ते उत्तर शोधणाऱ्या प्रयोगशाळांत आज मुलीही मोठ्या संख्येने काम करतात. परीक्षेचे वर्ष आणि पुरुषांचे लक्ष विचलित न करण्याची हमी त्यांच्याकडून कोणी मागत नाही. १९३३ मध्ये बंगळूरला आपला अर्ज मागे न घेणाऱ्या एका मुलीचा या बदलातला वाटा तिच्या शोधनिबंधांइतकाच मोठा आहे.